आधी आवाज ओळखावा

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "गाडी साउंडप्रूफ करायची आहे" म्हटलं, की बहुधा एकच वस्तू समोर येते. एका बाजूला चंदेरी फॉइल, दुसऱ्या बाजूला चिकट काळं रबर, अशी ती शीट. दर चौरस फुटाचा असतो. चार दारं, फ्लोअर, डिकी, छप्पर असा हिशेब उभ्या उभ्या तयार होतो. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं, पैसे किती आणि गाडी कधी मिळेल. कोणता आवाज कमी करायचा आहे, तो कुठे निर्माण होतो आणि कोणत्या वाटेने कानापर्यंत येतो, हा विषय निघतच नाही. मग तीस-चाळीस किलो रबर गाडीत चढतं. दार लावताना भारदस्त 'धप्' ऐकू येऊ लागतं, मालक सुखावतो. आणि पुढच्या रविवारी एक्स्प्रेसवेवर टायरची घूं घूं जवळजवळ होती तशीच असते.

ही पुस्तिका त्या न निघालेल्या विषयासाठी लिहिली आहे. बाजारातलं साहित्य वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातलं पुष्कळसं उत्तम आहे. पण प्रत्येक साहित्याचं काम वेगळं आहे. थरथरणारा पत्रा शांत करणं, बाहेरचा आवाज अडवणं आणि आत शिरलेला आवाज जिरवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत, आणि तिन्ही चोख करणारी एकच शीट मिळत नाही. कोणतं काम करायचं आहे ते कळल्याखेरीज साहित्याची निवड म्हणजे अंदाजाचा खेळ होतो.

गाडीत ऐकू येणारा आवाज अनेक आवाजांचा मिळून झालेला असतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीत इंजिन ऐकू येतं. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे टायर आणि रस्ता त्याच्यावर मात करू लागतात, आणि शंभरच्या पुढे आरशांभोवती, काचांच्या कडांनी घासून जाणारा वारा वरचढ होतो. ट्रिमच्या प्लास्टिकची खडखड, छपरावरचा पाऊस, शेजारच्या ट्रकचा हॉर्न हे आणखी वेगळे. हे सगळे आत येतात ते दोन वाटांनी. एक वाट हवेची. पत्रा, काच किंवा एखादी फट ओलांडून आवाज सरळ केबिनमध्ये येतो. दुसरी वाट धातूची. टायर रस्त्यावर थरथरतो, ती थरथर सस्पेन्शनमधून बॉडीत उतरते, फ्लोअरचा किंवा दाराचा पत्रा कंप पावतो आणि केबिनमधली हवा हलवतो. ढोबळमानाने चारशे-पाचशे हर्ट्झच्या खालचा आवाज मुख्यतः धातूच्या वाटेने येतो आणि त्याच्या वरचा हवेच्या वाटेने.

एकाच रस्त्यावर किती निरनिराळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, हे पाहायला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेइतकं चांगलं ठिकाण नाही. २००२ साली तो पूर्ण खुला झाला. तो काँक्रीटचा आहे, आणि त्यानंतर झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही काँक्रीटचाच. काँक्रीट टिकतं, पण डांबरी रस्त्यापेक्षा जास्त वाजतं. एक तर काँक्रीटचा रस्ता सहसा सलग ठेवत नाहीत. साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा येतो. ताशी शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे दर सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. ती टप-टप पूर्णपणे धातूच्या वाटेने येते. दुसरं म्हणजे, टायर घसरू नये म्हणून पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. रेघांमधलं अंतर अडीच सेंटीमीटर धरलं, तर त्याच वेगाला अकराशे हर्ट्झच्या आसपासचा सूर निघतो. तो हवेच्या वाटेने येतो, आणि वेग कमी केला की त्याची पट्टी खाली उतरते. तिसरा आवाज खुद्द टायरच्या पोटातला. टायरमधल्या हवेच्या कड्याचा घेर लहान गाडीत दीड ते पावणेदोन मीटर असतो आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की २०० ते २३० हर्ट्झ हा आकडा येतो. खड्ड्यावरून गेल्यावर क्षणभर जो पोकळ 'टण्ण' ऐकू येतो, तो हाच. वेग कितीही बदला, त्याची पट्टी जवळजवळ बदलत नाही.

आता या तिघांवर एकच शीट कशी चालेल? सांध्यांच्या टप-टपीला सस्पेन्शनची झिजलेली बुश, टायरमधली हवा आणि टायरची जात जबाबदार असते. रबर चिकटवून ती फारशी हलत नाही. रेघांच्या सुराला फ्लोअरवर आणि चाकाच्या कमानींवर आवाज अडवणारा जड थर लागतो. टायरच्या पोटातल्या आवाजावर खरा इलाज टायरमध्येच आहे. काही कंपन्या टायरच्या आतल्या बाजूला फोमचं कडं चिकटवून देतात, ते त्यासाठीच. माझं स्पष्ट मत असं की, टायर झिजून बदलायला आले असतील तर शीटचा विचार टायर बदलून झाल्यावरच करावा. कमी आवाजाच्या नव्या टायरने जो फरक पडतो तो अनेकदा फ्लोअरभर लावलेल्या रबरापेक्षा जास्त असतो, आणि त्यासाठी गाडीचा एक स्क्रूही उघडावा लागत नाही.

आवाज ओळखायला महागडी साधनं लागत नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन काही क्षण गाडी न्यूट्रलमध्ये टाकली (इंजिन चालूच ठेवायचं आणि घाटात हा प्रयोग मुळीच करायचा नाही) आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिन सुटलं. पट्टी वेगाबरोबर चढते-उतरते की जागेवर राहते, हे ऐकलं की दोष रस्त्याचा आहे की एखाद्या पत्र्याच्या किंवा हवेच्या स्वतःच्या कंपनाचा, याचा अंदाज येतो. वाऱ्याचा संशय असेल तर रंगाऱ्याची मास्किंग टेप आणावी. आरशाच्या बुडाशी, दाराच्या फटीवर, काचेच्या कडेवर एकेक करून टेप लावत तोच रस्ता पुन्हा पुन्हा फिरावा. ज्या टेपने सूं सूं थांबली ती जागा सापडली. दाराचं रबरी बीडिंग नीट दाबलं जातं की नाही हे पाहायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं आणि ती ओढावी. जिथे ती सहज निसटते तिथून वारा आणि आवाज दोन्ही आत येतात. आणि वळणावर गाडी एका बाजूला झुकली की घरघर वाढत असेल, दुसऱ्या बाजूला झुकली की कमी होत असेल, तर ते बहुधा चाकाचं बेअरिंग असतं. त्या आवाजावर रबर चढवणं धोक्याचं आहे. गाडी बिघाड सांगत असते तो आवाज दाबायचा नसतो, बिघाड काढायचा असतो.

इतकं झाल्यावर साहित्याकडे वळावं. पहिला मान डॅम्पिंगचा. स्टीलच्या ताटावर चमचा आपटला की ते बराच वेळ घणघणत राहतं, आणि कडेला बोट टेकवलं की चटकन थांबतं. दाराच्या पत्र्यावर रबराची शीट जे करते ते नेमकं हेच. पत्रा एकदा हलला की स्वतःच्या ठरावीक पट्ट्यांवर हलत राहतो. डॅम्पिंग त्या हालचालीची शक्ती किंचितशा उष्णतेत बदलून टाकतं. याचं शास्त्र फार जुनं नाही. पत्र्यावर घट्ट चिकटवलेल्या थराने त्याचं कंपन किती शमतं, याचा पाया घालणारा निबंध जर्मनीत हर्मन ओबेर्स्ट यांनी १९५२ साली प्रसिद्ध केला. अशा थरांची चाचणी ज्या पट्टीवर घेतात तिला आजही ओबेर्स्टचंच नाव आहे. पुढची मोठी पायरी १९५९ ची. अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी दाखवून दिलं की चिकट थराच्या वर ताठ धातूचा पातळ पडदा चढवला तर परिणाम कैक पटींनी वाढतो. पत्रा वाकला की रबरही त्याच्याबरोबर सरकू पाहतं, पण वरची फॉइल ताणली जात नाही. दोघांच्या मध्ये अडकलेलं रबर कातरीत सापडतं आणि त्या ओढाताणीत कंपनाची शक्ती खर्ची पडते. दुकानात मिळणाऱ्या शीटवरची चंदेरी फॉइल शोभेची नाही. निम्मं काम तीच करते.

शीट घेताना सगळे रबराची जाडी विचारतात, पण म्हणूनच ते अपुरं आहे. फॉइलची जाडी विचारावी. शंभर मायक्रॉनच्या आसपासची फॉइल बोटाने दाबली तर प्रतिकार जाणवतो. स्वयंपाकघरातल्या फॉइलइतकी ती लेचीपेची असेल तर दोन मिलिमीटर रबर असूनही शीट आपल्या कुवतीच्या बरंच खाली काम करते. दुसरी गोष्ट, सगळा पत्रा मढवायची गरज नसते. पत्रा सर्वांत जास्त हलतो तो मोकळ्या, सपाट भागाच्या मधोमध. कडेला, घडीपाशी, उठावाच्या रेघा असतात तिथे तो मुळातच ताठ असतो. मोकळ्या भागाचा चौथा ते तिसरा हिस्सा मधोमध नीट झाकला तर मिळायचा फायदा बहुतांशी मिळून जातो. त्यापुढची प्रत्येक शीट आधीच्यापेक्षा कमी कमी देत जाते. बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जावा. जिथे तो घुमतो तिथे तुकडा लावावा, पुन्हा ठोकावं, आणि 'टण' जाऊन 'टक' आलं की पुढच्या जागी सरकावं. या पद्धतीने फ्लोअर, दारं आणि डिकी मिळून निम्म्याहून कमी साहित्यात भागतं. शीटचं वजन चौरस मीटरला दोन ते चार किलो असतं, त्यामुळे इथे वाचलेला प्रत्येक मीटर पुढे मायलेजच्या आणि ब्रेकच्या खात्यात जमा होतो.

फॉइलखालचं काळं द्रव्य काय आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात जीव तोडून विचारण्याजोगा आहे. चांगल्या शीटमध्ये ब्यूटाइल रबर असतं. १९३७ साली अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ते तयार केलं. हवा आरपार जाऊ देत नाही म्हणून टायरच्या ट्यूबला ते वरदान ठरलं, आणि उसळी कमी, म्हणजे हालचाल गिळण्याची ताकद जास्त, म्हणून डॅम्पिंगलाही. स्वस्त शीटमध्ये त्याऐवजी बिटुमेन, म्हणजे डांबर असतं. मोटार कारखान्यात बिटुमेनचे पट्टे वापरतात ही गोष्ट खरी, पण तिथे ते बहुतेक फ्लोअरवर आडवे ठेवलेले असतात आणि रंगाच्या भट्टीत वितळून पत्र्याशी एकजीव होतात. आता तर कित्येक कारखान्यांत त्यांच्या जागी रोबो पाण्यात कालवलेला लेप फवारतात. आपण हाताने दाराच्या उभ्या पत्र्यावर किंवा छपराच्या आतून उलटं चिकटवलेलं बिटुमेन मात्र विदर्भातल्या मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीचं छप्पर सत्तर अंशांपर्यंत तापतं तेव्हा, हळूहळू घसरतं, डांबराचा वास सोडतं आणि दाराच्या तळाशी जाऊन पाणी जायची भोकं बुजवतं. खरेदीआधी एक तुकडा मागून घ्यावा. तो जुन्या पत्र्यावर चिकटवावा, पत्रा गच्चीवर उभा करून आठवडाभर उन्हात ठेवावा. तुकडा खाली सरकला किंवा डांबराचा वास आला तर ती शीट गाडीत नको, वेष्टनावर काहीही छापलेलं असलं तरी.

दुसरं काम आवाज अडवण्याचं. इथे चिकटपणा उपयोगाचा नाही, वजन लागतं. नियम साधा आहे: भिंतीचं वजन दुप्पट केलं की आरपार जाणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. फ्लोअरचा पत्रा पाऊण मिलिमीटर धरला तर त्याचं वजन चौरस मीटरला सहा किलोच्या आत-बाहेर भरतं. त्यावर पाच किलोचा व्हिनाइलचा जड पडदा टाकला की वजन दुपटीच्या जवळ जातं. हा पडदा पत्र्याला चिकटवायचा नसतो. त्याखाली पाच-सहा मिलिमीटर फोम घालून तो पत्र्यापासून सुटा ठेवायचा असतो; म्हणजे पत्र्याची थरथर पडद्यात जात नाही आणि वरच्या पट्ट्यांत वजनाच्या हिशेबापेक्षाही जास्त फायदा मिळतो. अट एकच, पडदा सलग हवा. एक चौरस मीटरच्या अडसरात दहा चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे हजाराव्या हिश्श्याचं भोक राहिलं, तर अडसर कितीही भारी असो, तो तीस डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही. शंभराव्या हिश्श्याचं भोक राहिलं तर ही मर्यादा वीसवर येते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलमधून अ‍ॅम्प्लिफायरची वायर ओढताना भोकातलं जुनं रबरी ग्रोमेट काढून टाकलेलं असतं, आणि पडद्याचे सगळे पैसे त्या भोकातून वाहून जातात. आधी ग्रोमेट, मग पडदा.

तिसरं काम आवाज जिरवण्याचं, आणि इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. आवाज जिरवणाऱ्या साहित्यात हवेला आत शिरायला मोकळी छिद्रं हवीत. तंतूंमध्ये हवा घासते आणि आवाज विरतो. पॉलिएस्टरची किंवा पुनर्वापराच्या सुताची फेल्ट हे काम करते. दुकानात मिळणारा काळा नायट्राइल रबराचा फोम, जो एसीच्या डक्टवरही गुंडाळतात, तो बंद पेशींचा असतो. पाणी पीत नाही, उष्णता अडवतो, पडद्याखाली सुटेपणा द्यायला उत्कृष्ट आहे. पण आवाज जिरवणं हे त्याचं काम नव्हे. शिवाय जिरवायला जाडी लागते. हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटीमीटर लांब असते, तिच्यावर दोन-तीन सेंटीमीटर फेल्ट बऱ्यापैकी चालते. शंभर हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला दाराच्या ट्रिममागे मावेल अशी कोणतीही फेल्ट पुरी पडणार नाही. खालच्या पट्टीतली घुमघुम फेल्टने जाईल असं कोणी सांगितलं तर ते मानू नये.

आणि काचेवर यातलं काहीच चिकटवता येत नाही. वाऱ्याचा बराच आवाज तिथूनच येतो. दोन काचांमध्ये आवाज शमवणारा प्लास्टिकचा थर घातलेली विंडस्क्रीन काही गाड्यांना कारखान्यातूनच असते. ती फुटली तर बदलताना साधी काच बसवून घेऊ नये.

दारांबद्दल मी या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात सर्वांत जास्त गाड्या दारांच्या कामातच खराब होतात. दाराच्या आत पाणी शिरणं हा दोष नाही, दाराची रचनाच तशी आहे. काच वरखाली होते त्या फटीतून पाणी आत उतरतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली येतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ट्रिममागे, चिकट काळ्या दोरीने बसवलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. डॅम्पिंग करणारा घाईत तो कागद टरकावतो, आणि नंतर टेपचे चार तुकडे मारून ट्रिम बसवतो. जूनमध्ये कोकणात उतरलं की कार्पेटखाली पाणी साचू लागतं. ते वरून दिसत नाही. कुबट वास यायला लागतो, सीटखालचे कनेक्टर हिरवे पडतात, आणि मग गॅरेजमध्ये बिघाड शोधण्यात दिवस जातात. म्हणून तो कागद जपून काढावा, दोरी सुकली असेल तर नवी घ्यावी, आणि कागदाची खालची कड होती तशीच दाराच्या आत वळवावी. बाहेरच्या पत्र्यावर शीट लावताना तळापासून पाच-सात सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. पाणी पिणारा उघड्या पेशींचा फोम दाराच्या पोकळीत कधीही घालू नये. काच पूर्ण खाली-वर करून ती कुठे घासत नाही ना, हे ट्रिम बसवण्याआधी पाहावं. आणि काही गाड्यांमध्ये बाजूची धडक ओळखणारा हवेच्या दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीतच असतो. पोकळीतला दाब बदलला तरच त्याला धडक कळते. अशा दाराची भोकं मनाने शीट लावून बंद करणं म्हणजे शांततेसाठी जिवाशी खेळणं आहे.

चिकटवण्याचं काम दिवाळी ते होळी या दिवसांत करावं. पावसाळ्यात पत्र्यावर दमटपणा असतो आणि तो शीटखाली कोंडला की गंज आतल्या आत वाढतो, वर्षानुवर्षं कळत नाही. पत्र्यावरची धूळ आणि कारखान्यातलं गंजरोधक मेण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावं. मेणावर कुठलंच रबर टिकत नाही. शीट लहान तुकड्यांत कापावी, मोठा तुकडा एकदम लावायला गेलं की मध्ये हवेचे फुगे राहतात. मग रोलर, आणि मनगट दुखेपर्यंत रोलर. बऱ्याच शीटच्या फॉइलवर उठावाची नक्षी असते. ती दाबून सपाट झाली की रबर पत्र्याला भिडलं, असं समजावं. या कामात कंटाळा केला तर महागातली शीटही स्वस्तातल्यासारखी वागते. फॉइलची कड ब्लेडइतकी कापते, तेव्हा हातमोजे हवेतच. सीट काढायच्या असतील तर आधी इग्निशन बंद करून बॅटरी सोडवावी आणि थोडा वेळ थांबावं. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्याशी चालू गाडीत छेडछाड नको. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्यावा, ती जास्त दाबाची वीज वाहते. बाकीचे आवाज झाकणारा इंजिनाचा आवाज नसल्यामुळे अशा गाड्यांत टायर आणि वारा जास्त ठळक ऐकू येतात, आणि म्हणून त्यांच्या मालकांना हे काम करावंसं वाटतं. पण फ्लोअरखाली बॅटरी असल्याने त्यांनी वरच्या बाजूचंच काम हाती घ्यावं.

छपराबाबत माझा कल 'नको'कडे आहे. पावसाचा मारा कमी होतो आणि ऊनही थोडं रोखलं जातं, हे खरं. मोठ्या सपाट पत्र्याला आतून फक्त दोन-तीन आडव्या पट्ट्यांचा आधार असतो, त्यामुळे थोड्या साहित्यात फरकही चांगला पडतो. पण छपराचं अस्तर काढताना त्याला एकदा घडी पडली की ती जात नाही, आणि कडेने पडदा-एअरबॅग असतील तर अस्तर जसं होतं तसंच बसणं आवश्यक असतं. पावसाचा आवाज खरोखरच असह्य होत असेल आणि करणारा हात अनुभवी असेल, तरच छप्पर उघडावं.

आगीचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही, म्हणून तो मुद्दाम मांडतो. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा नियमांतला ३०२ क्रमांकाचा नियम सांगतो की केबिनमधल्या साहित्यावरून ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक याच विषयाचं आहे. पॅकिंगचा किंवा गादीचा फोम या कसोटीसाठी बनवलेलाच नसतो. तो कितीही स्वस्त पडो, गाडीत भरू नये, आणि बॉनेटखाली तर उष्णतेसाठी म्हणून तयार केलेल्या साहित्याखेरीज काहीही नको.

काम झाल्यावर फरक मोजावासा वाटणं स्वाभाविक आहे. फोनवरचं अ‍ॅप चालेल, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. अशी अ‍ॅप सहसा 'ए' मापात आकडा दाखवतात, आणि ते माप शंभर हर्ट्झचा आवाज एकोणीस डेसिबलने कमी धरतं. घुमघुम कमी झाली असूनही आकडा हलत नाही, तो यामुळे. रस्ता तोच, वेग तोच, टायरमधली हवा तीच, एसी बंद, काचा बंद, असं सगळं जुळवून आधी आणि नंतर मोजलं तरच तुलनेला अर्थ राहतो. तीन डेसिबल उतरणं म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी होणं, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो. दहा उतरले तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. चांगल्या घरगुती कामातून दोन-चार डेसिबल मिळतात. दहाचं आश्वासन देणाऱ्याला मोजून दाखवायला सांगावं. कारखान्यांनाही हे आकडे सहज मिळत नाहीत. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, १९६६ पासून चालत आलेल्या या संस्थेत, वाहनांच्या आवाज आणि कंपनांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, ती याच कारणाने.

शेवटी, हे सगळं कोणासाठी? हौशी गाडीवाले ही पुस्तिका वाचतील याचा मला आनंद आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर होते ते दिवसाचे दहा-बारा तास स्टिअरिंगमागे काढणारे लोक. मोटारीच्या केबिनमध्ये महामार्गावर सत्तर डेसिबलच्या आसपास आवाज असतो. कान बिघडायला तो सहसा पुरेसा नाही. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकी संस्थेने आठ तासांसाठी ८५ ही मर्यादा सुचवली आहे. पण बोलण्याचा आवाज त्याच पट्ट्यांत असल्याने माणूस ओरडून बोलतो, रेडिओ मोठा करतो, आणि संध्याकाळी थकून जातो. जुन्या टेम्पोत आणि व्हॅनमध्ये परिस्थिती याहून वाईट आहे. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत बनत राहिली, आणि तशा कित्येक व्हॅन शाळेच्या मुलांची आजही ने-आण करतात. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, ईकोचंही तिथेच. चालक अक्षरशः इंजिनावर बसतो, आणि त्याच्या व इंजिनाच्या मध्ये फक्त एक झाकण असतं. झाकणाच्या कडेचं बीडिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चपटं आणि कडक होतं, कड्या सैल पडतात, आणि त्या फटीतून आवाज, गरम हवा आणि कधी धूरही वर येतो. अशा व्हॅनच्या मालकाला दारांच्या डॅम्पिंगचा खर्च सांगणं अन्यायाचं आहे. त्याला आधी नवं बीडिंग आणि घट्ट कड्या हव्यात. मग झाकणाच्या आतून काचतंतूंचं, फॉइल लावलेलं, उष्णता सोसणारं अस्तर, आणि त्यानंतर पायाखालच्या फ्लोअरवर जड पडदा. ब्यूटाइलचा नंबर त्याही नंतर, आणि तोही इंजिनापासून लांबच्या पत्र्यावर. पहिलं प्रकरण दारापासून सुरू करावं, असं सुचवण्यात आलं होतं. ते मी या झाकणापासून सुरू केलं आहे.